चुलीमागचा बोर्ड

नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी भट्ट्यांना आतून अस्तर लावायचो. आग कशानं अडते, हे मला कळत होतं. म्हणून तर माझी चूक अजाणतेपणी झाली, असं म्हणता येत नाही.

वहिनी पडवीत चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करून विकायची. चुलीमागची प्लायवूडची भिंत एकदा धुमसली. दादा म्हणाला, "भट्टीवाला भाऊ घरात, आन आमचीच पडवी पेटनार काय?"

खरं तर विटांची भिंत घालायची, मागे हवेसाठी बोटभर फट सोडायची, एवढंच हवं होतं. मी आणला तो भट्टीतून काढून टाकलेला जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा बोर्ड. जळत नाही, आणि आयताच मिळाला. वर्कशॉपमध्ये तो कापताना आम्ही नाकाला रुमाल बांधायचो. त्याची धूळ छातीतून निघत नाही, हे फोरमननं बजावलं होतं. पण भिंतीवर नुसता उभा राहणार, कोण त्याला हात लावतंय, म्हणून मी गप्प राहिलो.

वहिनी दर गुरुवारी चूल सारवायची. तिनं बोर्डही सारवायला घेतला.

"भावजी, याच्यावर शेन धरत नाय."

"विटेनं खरवडून घे, मग धरेल."

हे मीच म्हणालो. त्या वेळी माझ्या मनात धूळ आलीसुद्धा नाही. आली तोवर वहिनी कित्येक गुरुवार खरवडत आली होती, आणि मग सांगायचं कसं, हेच कळेना.

वीस वर्षांनी तिला चार पावलांत धाप लागायला लागली. कामोठ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "चुलीचा धूर?" मी पटकन हो म्हणालो. दादा तिच्यावरच भडकला, "घरात गॅस हाय, पन हिला चूलच पायजे!" ती हसायला गेली आणि खोकत राहिली. मी मान वर केली नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, आता फक्त श्वास सोपा करता येईल. मग वहिनीला सांगितलं.

"आन सून?" तिनं विचारलं.

चार वर्षं झाली, चूल सूनच सारवते. विटेनं घासायला तिला वहिनीनंच शिकवलं.

बोर्ड त्याच दिवशी काढला. सून अजून खोकत नाही. वहिनीही पहिली वीस वर्षं खोकली नव्हती.