वाघ आणि पदर

ताडोबाच्या जंगलात बांबूच्या आडून वाघ अचानक वाटेवर आला आणि आमची उघडी जीप थांबली. मुलगा, सून, नात, कोणी हलेना. माझ्या पत्नीने मात्र झटकन पदर डोक्यावर ओढला. माझे वडील गेल्यापासून तिने तो असा कधी घेतला नव्हता.

वाघ आमच्याकडे न पाहता पलीकडे निघून गेला.

"आजी, वाघासमोर पदर?" नात हसली.

"सवय गं," ती म्हणाली. "पण मामंजी निदान खाकरून यायचे."

सगळे हसले. मी सुन्न झालो. ज्या घराला मी आजवर शिस्तीचे घर म्हणत आलो, त्या घरात ती कशी राहिली असेल, हे मला या जंगलात कळावे?

जीप पुन्हा सुरू झाली. तिचा पदर अजून डोक्यावरच होता.