गंजावरचा रंग

"अजून नाय," एवढंच मिस्तरी म्हणायचे, आणि हात पुसून गाडीच्या दारावरून तळवा फिरवायचे. डोळे मिटलेले. शेजारी गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं. दार तर आपल्याला आरशासारखं गुळगुळीत दिसायचं, पण त्यांचा तळवा मध्येच एका जागी थांबायचा. "आँख को नक्को पूछो भाऊ, हात को पूछो. इथं खड्डा हाये." की पुन्हा घासायला सुरुवात.

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील, आणि त्यांच्यावर वैतागलाही असाल. क्रांती चौकातून थोडं आत गेलं की माझं बॅटरीचं दुकान आहे. दुकानाच्या बाजूची पत्र्याची शेड माझ्या वडिलांनी मिस्तरींना दिली होती. तिथं वीस वर्षं ते जुन्या गाड्या रंगवायचे. रंगवायचे म्हणजे काय, बराचसा वेळ खरवडण्यातच जायचा.

जुनी गाडी आली की आधी दिवे, दारांची रबरं, आतल्या सीटा, सगळं बाहेर. मग पात्यानं जुना रंग काढायचा. खाली गंज दिसला की पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, पोचा आतून हातोडीनं उचलायचा, वर पुट्टीचा पातळ हात द्यायचा. पुट्टी वाळली की पाणी मारून पॉलिशपेपरनं घासायची. पुन्हा हात, पुन्हा पेपर. असे आठ-दहा दिवस. रंगाचा फवारा शेवटच्या एका दुपारचा. "रंग तो कोई भी मारता," ते म्हणत. "काम त्याच्या खाली ऱ्हातंय."

एका वकीलसाहेबांनी घाईचा फारच लकडा लावला, तेव्हा मिस्तरींनी पेपरचा तुकडा त्यांच्याच हातात दिला. साहेब कोट काढून तासभर बॉनेट घासत बसले, आणि पुढचे चार दिवस फिरकले नाहीत. पण सगळ्या शहरात तेच सांगत सुटले की गाडी रंगवावी तर यांच्याकडूनच.

मला नवी गाडी घ्यायची होती. वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी पांढरी गाडी दारात पडून होती, ती विकायचं ठरवलं. पिशोरचा एक शिक्षक घ्यायला तयार झाला. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात आणावं लागायचं. रविवारी येतो म्हणाला. मी गाडी मिस्तरींच्या शेडमध्ये नेऊन लावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. पुढच्या सीटा काढल्या होत्या. त्यांनी पेचकस टेकवला, तो तळाच्या पत्र्यातून आरपार गेला.

"कापून नवा पत्रा जोडावा लागंल. आठ दिवस."

"रविवारी माणूस येतोय. पुट्टी भरा, वरनं काळा रंग मारा. सीटेखाली कोण बघतंय?"

"भाऊ, माणूस बसणारंय हिच्यात."

मी म्हणालो, "पोरगं म्हणतंय, शेडच्या जागी दुकान वाढवू. मीच त्याला थांबवलंय."

ही धमकी नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. मिस्तरींना घरी दोन मुलींची लग्नं करायची होती, आणि दुसरी जागा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेचकस पुसला आणि डब्यात ठेवला. शनिवारपर्यंत गाडी तयार झाली. त्या चार दिवसांत ते माझ्या दुकानात चहाला आले नाहीत.

रविवारी त्या शिक्षकानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मी म्हणालो, "मिस्तरींच्या हातची आहे. बघायचं काम नाही." त्यानं बघितलंही नाही.

पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात, कन्नडजवळ एका खड्ड्यात गाडी आदळली आणि शिक्षकाच्या आईची सीट एका बाजूनं तळातून खाली गेली. बाईंचा घोटा मोडला. डायलिसिसवरच्या बाई त्या, दोन महिने प्लॅस्टरमध्ये उचलून न्याव्या लागल्या.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी शिक्षक सकाळीच आला. माझ्याकडे नाही, शेडमध्ये. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला गंजका तुकडा बाहेर काढला. त्याला अजून पुट्टी चिकटलेली होती. तो ओरडला नाही. "तुमच्या हातची म्हणून घेतली मी," एवढंच म्हणाला. रस्त्यावरची माणसं थांबली. मी माझ्या गल्ल्यावर बसलो होतो, दहा पावलांवर.

मिस्तरींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय सर. मीच केलं. गलती मेरी."

शिक्षक माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं का?"

"मला काय कळतंय पत्र्यातलं," मी म्हणालो.

मिस्तरींनी ती गाडी ओढून आणवली, सगळा तळ कापला, नवा पत्रा बसवला. स्वतः चालवत पिशोरला नेऊन दिली. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. वकीलसाहेबही दुसरीकडे जाऊ लागले. सहा महिन्यांत शेड रिकामी झाली. मिस्तरींनी किल्ली माझ्या गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, "मुलाला सांगा, टाक म्हणावं दुकान." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते वैजापूरला, नुकतंच लग्न झालेल्या मोठ्या मुलीकडे गेले. तिथं मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या ट्रॉल्यांना रंग मारायचे, असं कळलं. एकदा मी मुद्दाम गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः डब्यावर बसले. धूळ आणि थिनर इतकी वर्षं छातीत गेलं होतं, एक वाक्य दोन दमांत बोलायचे. मी म्हणालो, "मिस्तरी, त्या गाडीचं..." त्यांनी हात वर केला. "चाय पियो भाऊ. थंडी हो रही." मी चहा प्यायलो. मनातून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. तिसऱ्या दिवशी मी वैजापूरला त्यांच्या घरी पोचलो. ओट्यावर माणसं बसली होती, आणि त्यांच्यात तो पिशोरचा शिक्षक होता. आई दोन वर्षांपूर्वी वारली, असं त्यानंच सांगितलं. मिस्तरी दर ईदला त्यांना भेटायला जायचे, हेही.

मुलीनं पाणी आणून दिलं. मी नाव सांगितल्यावर ती तिथंच थांबली. "अब्बा तुमचं लई सांगायचे. वीस वर्षं त्या भावानं जागा दिली, कधी ऊठ म्हणाले नाहीत."

शिक्षकानं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही त्यांच्या फार जवळचे."

मी हो म्हणालो.