आता काय, तुम्ही फ्रीच!
मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी माइकवरून जाहीर केलं, "आता मॅडम फ्री झाल्या!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून की काय, इंग्रजी शब्दाने मला सहज गंडवलं. मला वाटलं, फ्री म्हणजे मोकळी. जळगावात त्याचा चालू अर्थ आहे फुकट. साबणावर साबण मिळतो तसा.

दुसऱ्याच आठवड्यात शेजारीण किल्ली देऊन गेली. "सिलिंडर येईल, घेऊन ठेवा. तुम्ही फ्रीच असता ना!" दिरांचे पाहुणे माझ्याकडे जेवू लागले. सुनेने तर भिशीच्या मैत्रिणींना परस्पर कळवून टाकलं, "आई फ्री आहेत, बिबड्या करून देतील." ज्वारीचे ते पापड थापून माझे खांदे भरून आले, तेव्हा मुलगा कौतुकाने म्हणाला, "आई, तुझा वेळ किती छान जातो!" जातो खरा. कोणाकोणाच्या घरी जातो, तेवढं विचारू नये.

एका गोष्टीसाठी मात्र मी हट्टाला पेटले. तरणतलावावर सकाळी बायकांची बॅच सुरू झाली होती. लहानपणी धुळ्याला भाऊ पांझरा नदीत डुंबायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे राखत बसायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही. मला पोहायचं होतं, बस्स. नाव घातलं. मग एकदा सिलिंडर आला, एकदा पाहुणे आले. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, आता एक जरी खाडा झाला, तरी तुमची जागा दुसऱ्या बाईला जाईल." त्याच दिवशी मी पहिल्यांदा कठडा सोडून तरंगले. नाकातोंडात पाणी गेलं, तरी हसत होते.

आणि संध्याकाळी दोंडाईच्याहून थोरल्या नणंदेचा फोन, तिच्या अहिराणीत. "तू ते आते फ्रीच शे ना? मंग सकाळनी गाडीवर ये. वरीसना मसाला करना शे, बठ्ठं काम पडेल शे." वर्षाच्या मसाल्याचं सगळं काम माझ्यासाठी पडून होतं, आणि सकाळची गाडी म्हणजे पोहण्याला खाडा.

एरवी माझ्या तोंडून "हो अक्का" आपोआप निघतं. त्या दिवशी त्यांच्याच बोलीत निघालं, "अक्का, मी फ्री शे, मोकळी. म्हनीसनच येवाव नही."

मी येणार नाही, हे अक्कांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग खऱ्या काळजीने विचारलं, "तुनी तब्येत बरी शे ना?"