आमच्याच फाटकापाशी गाड्या का पळतात

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण विट्यात आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. हसायचं तर हसा, फक्त आधी चहाचा घोट गिळून घ्या.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी उद्योग लागतो, मला आमच्या कॉलनीचा रस्ता सापडला. रस्ता अरुंद, पोरं तिथंच क्रिकेट खेळतात. आणि गाड्या? सुसाट. एक टेम्पो तर पलीकडच्या शांताकाकूंना असा चाटून गेला की काकू भाजीची पिशवी टाकून गटारावरच्या फरशीवर बसल्या.

त्याच दिवशी मी फाटकात खुर्ची टाकली. गळ्यात शाळेतली शिट्टी, पायाशी आमचा कुत्रा बंड्या. गाडी आली की शिट्टी.

आणि मला एक भलतीच गोष्ट दिसली. गाड्या कोपऱ्यावरून शहाण्यासारख्या यायच्या आणि बरोबर आमच्या फाटकापाशी वेग वाढवायच्या. दुसऱ्या कुणाच्या दारात नाही, आमच्याच. मी शिट्टी फुंकतोय आणि हे गाडी पळवतायत. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. मी म्हटलं, यांना कुणीतरी शिकवतंय.

पहिला संशय समोरच्या जाधवांवर. जाधव गलाईवाले. तिकडं दक्षिणेत सोनं गाळण्यात आयुष्य गेलं, आता इथं बंगला बांधलाय. मी शिट्टी वाजवली की ते खिडकीत येऊन हसायचे. माणूस उगाच हसतो का कधी? मग संशय गॅसवाल्यावर, मग कुरिअरवाल्यावर. पण सगळ्यात जास्त डोक्यात गेला बबन दूधवाला. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, आणि आमचं फाटक आलं की गडी पाय वर घेऊन असा सुटायचा की किटल्यांची झाकणं वाजायची. एकदा कोपऱ्यावर गाठलाच त्याला.

"का रे, माझ्याच दारात गाडी पळवतोस?"

"आवं सर, पळवू न्हाई तर काय करू? तुमचं कुत्रं मागं लागतंय."

"लागणारच. तू सुसाट जातोस. मुक्या जनावराला कळतं, तुला कळत नाही."

"सर, आदी कुत्रं येतंय, मग मी पळतोय."

"आधी तू पळतोस."

बघा, कशी सारवासारव. घरी येऊन मी बंड्याच्या पाठीवर हात फिरवला. या मोहिमेत प्रामाणिक असे दोघंच होतो, मी आणि तो. मग मी घरोघरी फिरून सांगितलं, या माणसाचं दूध बंद करा. तीन घरांनी केलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बबन दारात उभा. आवाज चढवला नाही त्यानं.

"सर, पोटावर नका मारू. तुमीच माझ्या मागं बसा, स्पीडच्या काट्यावर नजर ठेवा. मी कसा जातो ते सगळ्यांनी बघू द्या."

ठरलं. सकाळी सगळी कॉलनी दारात. मी शिट्टी मुद्दाम जाधवांच्या हातात दिली आणि म्हटलं, "गाडी फाटकापाशी आली की वाजवा, रोजच्यासारखी." नियम म्हणजे नियम, म्हणून हेल्मेट घालून बबनच्या मागं बसलो.

"बबन, काटा वीसच्या वर गेला तर तुझं दूध कायमचं बंद."

"व्हय सर."

निघालो. काटा वीसवर. मी मनात म्हटलं, आज बरं नाटक करतोय. फाटक आलं. जाधवांनी शिट्टी वाजवली. आणि बंड्या सुटला.

आता काय सांगू तुम्हाला. हे कुत्रं पिल्लू असल्यापासून माझ्याबरोबर शाळेच्या मैदानावर यायचं. मी शिट्टी वाजवली की पोरं शर्यतीला सुटायची आणि हे त्यांच्या मागं. शिट्टी म्हणजे पळणाऱ्याला धरायचं, हे त्याला मीच शिकवलेलं. आणि हा उजेड माझ्या डोक्यात पडला कधी? त्याचे दात माझ्या पॅन्टमध्ये रुतल्यावर. हेल्मेटमध्ये मालक आहे हे त्याला काय माहीत.

"बबन, पळव."

बबन मागं न बघता म्हणाला, "वीसच्या वर न्हाई न्यायची न्हवं?"

"अरे पळव, मी सांगतो."

"दूध बंद कराल, सर."

तिकडं जाधवांना वाटलं गाडी थांबवायची आहे, म्हणून ते जीव खाऊन शिट्टी फुंकतायत. दर शिट्टीला बंड्याला नवा जोर. शेवटी मीच बबनच्या खांद्यावरून वाकलो आणि त्याच्या हातासकट रेसची मूठ पिरगाळली. गाडी जी उसळली ती पार हमरस्त्यावर जाऊन थांबली. पॅन्टचा एक पाय गुडघ्यापासून बंड्याकडं राहिला.

परत आलो तर बायको फाटकात उभी. म्हणाली, "आवं, आज सगळ्यात जोरात कोण गेलं म्हणायचं?"

मी दुसरी पॅन्ट चढवली आणि त्या तीन घरांत दूध पुन्हा चालू करा म्हणून सांगायला गेलो. शेवटचं घर शांताकाकूंचं. काकू म्हणाल्या, "कुत्र्याचं तर आमाला पहिल्या दिवसापासनं म्हाईत हुतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार कवा, सर? तुमच्या तोंडात कायम शिट्टी."