मुका करून दिलेला फोन

मुखेडच्या बसस्टँडसमोर बसणाऱ्या त्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला मी त्याच्या अडकित्त्याच्या आवाजावरून ओळखतो. मला दिसत नाही हे त्याला चार वर्षांपासून ठाऊक आहे, तरी बहिऱ्याशी बोलावं तसा माझ्याशी ओरडून बोलतो आणि दर वाक्याला विचारतो, "ध्यानात आलं का, सर?" येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, "आंधळ्याचं काम आपण पहिलं करतो." तोवर मी तासभर बाकावर बसलेला असतो.

परवा फुटलेली काच बदलायला फोन दिला. पडद्यावर बोट ठेवलं की तिथं काय आहे ते माझा फोन बोलून सांगतो. ही सोय फोनमध्ये मुळातच असते. स्वतःला मोबाईलचा डॉक्टर म्हणवणाऱ्या ह्या गृहस्थाला तिचा पत्ताच नाही. फोन परत हातात आला तो मुका. जळकोटची बस लागली होती, घरी कळवायचं होतं, आणि बोटाखाली नुसती गुळगुळीत काच.

"लई बडबड करून राहिला होता, सर. बंद केली. फुकटात!"

मी आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. फोन बोलू लागला.

"बघा," तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ह्यांचा हात लागला की फोन बिघडलाच."