उभ्याच्या ओट्यापायी

माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा आमच्या घरात ना चूल होती ना धड एक भांडं. चोरी झाली नव्हती, घरही जळालं नव्हतं. चूल मीच फोडायला लावली होती आणि भांडी मीच विकली होती, तीही हसत हसत.

त्याचं असं झालं. नगरला माझ्या मावसबहिणीकडं मी चार दिवस राहून आले. तिच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशीचा कमरेएवढा ओटा, त्यावर शेगडी, आणि बाई चक्क उभी राहून पोळ्या लाटत होती! पारनेरला परतले ती मनात तो ओटा घेऊनच. चुलीपुढं बसून बसून माझ्या गुडघ्यांचा भुगा झालाय, आता मी उभ्यानंच स्वयंपाक करणार, असं मी घरात जाहीर केलं. (तेव्हा मी विशीत होते. गुडघे अगदी ठणठणीत होते.)

सासूबाई म्हणाल्या, "उभ्यानं कशापायी? गाडी सुटाया लागली व्हय?"

आमच्या ह्यांनी नेहमीसारखं आढ्याकडं बघितलं आणि ओट्याचा खर्च मी उभा केला तर आपली ना नाही, असं सांगून टाकलं. ही कुठून पैसे आणतेय, अशी त्यांची खात्री होती. मला ते झोंबलं.

लढाईचे दिवस होते. तांब्यापितळेचे भाव चढले होते आणि बाजारात नवं भांडं बघायला मिळत नव्हतं. माझी नजर मांडणीवर गेली. कासाराकडं दिलं असतं तर त्यानं सगळं मोडीच्या भावानं घेतलं असतं. म्हणून बाजारच्या दिवशी मी अंगणात सतरंजी अंथरली आणि सगळा संसार चिंचेनं घासून मांडला. बंब, घंगाळ, हंडे, परात, तांबे, ताटल्या, पेले, शेवेचा सोऱ्यासुद्धा. आळीतल्या बायकांचा माझ्या भांड्यांवर कधीपासूनचा डोळा होता, हे मला त्या दिवशी कळलं. मीही काय एकेकीला पटवलं म्हणता! ह्या परातीत कणीक मळली की पोळी फुगल्याशिवाय राहत नाही, असं मी शपथेवर सांगितलं. (माझी पोळी आजतागायत फुगलेली नाही.) परात शेजारच्या गोदाबाईंनी उचलली. सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नीट वापर गं गोदे, माझ्या आईनं दिल्याली हाय." परात परत घ्यायला मी हात पुढं केलाही. पण ओटा डोळ्यांपुढं होता, म्हणून तोच हात पैशांसाठी पसरला.

दुपारपर्यंत सगळं खपलं. राहिला फक्त एक डगडगता पाट. तो कुणी फुकटही नेईना.

आता आमच्याकडची एक रीत. घेतलेलं भांडं नाव घातल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. लग्नाकार्यात आळीभरची भांडी एकत्र होतात, मग नावावरूनच आपलं ओळखून परत न्यायचं. त्यामुळं माझ्या अंगणातून निघालेल्या बायका थेट बाजारातल्या नावं घालणाऱ्यापुढं जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत तिथं नुसती ठकठक चालली होती. मला ती ऐकून गंमत वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी गवंड्यानं चूल फोडली आणि ओटा बांधायला घेतला. स्वयंपाक गोदाबाईंच्या चुलीवर चालला होता. ओटा गुडघ्याच्या वर आला असेल नसेल, तोच निरोप आला. सुप्याकडचे मास्तर बायकोमुलाला घेऊन बाजाराला येतायत, तेव्हाच मुलगी बघून घेतील.

वन्संचं, म्हणजे आमच्या कौसल्येचं, दोन-तीन ठिकाणी जुळता जुळता फिसकटलं होतं. हा मुलगा तिनं एका लग्नात पाहिला होता आणि तेव्हापासून त्याच्या गावाचं नाव निघालं तरी ती आत पळायची. हे मोडलं असतं तर मी तिला तोंड दाखवू शकले नसते. मी दारोदार हिंडले आणि विकलेली भांडी दोन घटकांसाठी उसनी आणली. बायांनी आनंदानं दिली. नावांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

आणि मास्तरांना सवय अशी, की दिसेल ते अक्षर वाचायचं!

पाय धुवायला अंगणात घंगाळ ठेवलं होतं. ते शरिफाभाभींनी घेतलेलं, नाव उर्दूत. मास्तर म्हणाले, नक्षी सुरेख आहे. मी देवाचे आभार मानले. मग पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात गेला.

"सौ. गोदाबाई," त्यांनी वाचलं आणि सासूबाईंना विचारलं, "आपणच का?"

सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच घाईनं मान डोलावली. शिऱ्याच्या ताटलीवर निघाली सखूबाई. ती मी झाले. चहाच्या पेल्यावर द्वारकाबाई होती. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई, माहेरी गेल्यात, असं मी ठोकून दिलं. (हे एकुलते एक आहेत. मला जाऊ कुठली?) ह्यांनी आढ्याकडं बघितलं. एवढ्यात दारातून खऱ्या सखूबाईंनी डोकं आत घातलं.

"इंदे, माझी ताटली मोकळी झाली का गं? आमच्यात जेवाय बसल्यात."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. लोकांची भांडी नावासकट ह्या घरात कशी येतात, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी ताटलीवरचं नाव पदरानं झाकलं. सासूबाईंचे डोळे भरले. आणि पाटावर मान खाली घालून बसलेल्या वन्संनी एकदम मान वर केली.

"चोरीची न्हाईत. वैनीनं इकल्याली हायत. उभ्यानं सैपाक कराय ओटा बांधतीया ती. आन आत्ता खोटं बोलली, ती माझ्यापायी."

मला तिथंच रडू फुटलं. गेलं, जमत आलेलं लग्न गेलं, आणि तेही माझ्या ओट्यापायी.

तेवढ्यात मास्तरीणबाई उठल्या. बाई चांगल्या उंचपुऱ्या, आमच्या ह्यांच्याहून डोईभर वर. "उभ्यानं?" एवढंच म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. त्या अर्धवट ओट्यापुढं उभ्या राहिल्या, वाकून वाकून हात टेकून बघितला आणि तिथं थापी धरून बसलेल्या गवंड्यावर डाफरल्या, "ह्यो वटा हाय का पाट? चढीव आनखी!" मग त्यांनी आपल्या कमरेला शोभेल अशी उंची हातानं दाखवली.

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. ती उंची माझ्या छातीला लागत होती. मी तोंड उघडणार, तर सासूबाईंनी मला असा चिमटा काढला की मी कळवळून म्हणाले, "चढवा."

मास्तरीणबाई बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी मला पसंत हाय, खरं बोलती. पन आपल्या घरी असा वटा झाल्याबिगर मी सून न्हेनार न्हाई." मास्तरांनी आढ्याकडं बघितलं. त्या क्षणी ते मला अगदी घरचे वाटले.

लग्न झालं. आळीतल्या बायकांनी वन्संना आहेर केला तो माझ्याच भांड्यांचा, त्यावर आता वन्संचं नाव. परातसुद्धा गोदाबाईंनी देऊन टाकली, तेव्हा सासूबाई पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. माझा सगळा संसार असा सुप्याकडं गेला, आणि वन्सं तिथं ऐटीत उभ्यानं स्वयंपाक करतात.

मीही करते. कुणी फुकट नेला नव्हता तो डगडगता पाट ओट्यापुढं ठेवते आणि त्यावर चढून पोळ्या लाटते. त्यावरून इतक्यांदा पडलेय, की गुडघ्यांचा आता खरोखरच भुगा झालाय.