कुऱ्हाडीचं गाणं बंद करताना

आमच्या आत्याचा गळा असा, की लग्नाच्या मांडवात तिला माईक लागत नाही. धाकट्या भावाच्या लग्नात नवरीकडचं रुखवत मांडलं गेलं आणि आत्यानं पदर खोचून नवरीच्या आईवर, म्हणजे आमच्या विहीणबाईंवर, गाणं सोडलं:

रुखवतात मांडलं लाडू, फोडाया आणा कुऱ्हाड
विहीणबाईच्या लाडवापायी उपाशी उठलं वऱ्हाड

हे भांडण मांडवातलं, मांडवातच मिटणारं. एकीनं टोमणा मारायचा, दुसरीनं तिथल्या तिथं परतवायचा, मग दोघींनी शेजारी बसून जेवायचं. विहीणबाईंनीही परतवला. पण तेवढ्यात मला पंगतीत भात वाढायला हाक आली, मी मोबाइल खिशात घातला, आणि माझ्याकडं फक्त आत्याचा भाग राहिला.

आमचे निम्मे नातेवाईक तेव्हा ऊसतोडीला गेलेले. फडात बसून त्यांना लग्न दिसावं म्हणून मी ती फिल्लम इंटरनेटवर चढवली. नोकरी पुण्याच्या कंपनीची, बसायचं आष्टीजवळच्या आमच्या गावात. त्यामुळे हौस आणि हत्यारं दोन्ही होती. नुसती चढवली असती तर फडात रेंजच्या नावानं बोंब, म्हणून एक क्लाउडची वितरण सेवा जोडली. ही सेवा एका गोष्टीच्या नकला देशोदेशीच्या कॉम्प्युटरांवर ठेवते आणि बघणाऱ्याला त्याच्या जवळची नक्कल देते. थोडक्यात, आत्याची कुऱ्हाड मी सिंगापूरपर्यंत पोचवली.

मग एका सकाळी निरोप आला, की विहीणबाई आपल्या धाकट्या मुलासाठी आत्याच्या मुलीला बघायला तासाभरात येताहेत. मुलगा या माझ्या बहिणीला भावाच्या लग्नातच आवडला होता, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आत्या लेकीसह आमच्याच घरात राहते; ती तडक माझ्या खोलीत आली.

"ती फिल्लम बंद कर. आत्ताच्या आत्ता. माझ्या लेकीचं जमायलंय, अन् तू माझं तोंड जगात वाजवायलास."

फिल्लम दिसायची ती त्या वितरण सेवेतूनच, म्हणून मी लॅपटॉपवर हुकूम द्यायचा काळा पडदा उघडला आणि सेवा काढून टाकायचा हुकूम टाइप केला. नकार आला: चालू सेवा काढता येत नाही, आधी बंद करा. बंद करायला गेलो तर त्याचीही रीत. सेवेची सगळी मांडणी मागवून घ्यायची, त्यात 'चालू'च्या जागी 'बंद' लिहायचं, आणि मांडणीबरोबर आलेली खूण जोडून ती परत पाठवायची. घाईत मी खूणच विसरलो. पुन्हा नकार.

"कावून बंद होईना?" आत्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीतला वायफायचा प्लग उपटला. "घे. झालं बंद."

"आत्या, आपलं बंद झालं. जगाचं चालूच हाय."

मोबाइलचं नेट जोडून मी हुकूम पुन्हा पाठवला. या वेळी तो मान्य झाला, पण पडद्यावर उमटलं, 'काम चालू आहे'. जिथं जिथं नकला होत्या तिथं तिथं निरोप पोचायचा होता.

"पाव्हणं जातो म्हणल्यावर बी उंबऱ्यात तासभर बोलत्यात, तसं हाय व्हय हे?" आत्या म्हणाली. मी हो म्हणालो. माझ्या हौसेपायी बहिणीची सोयरीक मोडली असती, तर या घरात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

बाहेर गाडी वाजली. विहीणबाई येऊन बसल्या, बहीण पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेली, आणि तेव्हा कुठं पडद्यावर बंद झाल्याचं आलं. मी काढून टाकायचा हुकूम सोडला. तो मुकाट्यानं पार पडला. दारातून मी आत्याला मान हलवली, तशी ती जरा सैल होऊन बसली.

पोहे संपवून विहीणबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. "ती लाडवाची फिल्लम लावते. बघू द्या साऱ्यांना."

त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही लागेना. आत्या पोह्यांच्या बश्या गोळा करू लागली.

"काढली व्हय?" विहीणबाई म्हणाल्या. "बरं केलं. अर्धीच व्हती. माझ्या माहेरचे इचारत्यात, ती बाई एवढं बोलली अन् तू गप कशी बसलीस? मी काय गप बसलते?" आणि भर बैठकीत त्यांनी गळा सोडला:

लाडू माझं घट्ट न्हाईत, दात तुमचं ढिलं
उपाशी म्हणत्या विहीणबाईनं ताट भरून गिळलं

हसावं की नाही, कुणाला कळेना. विहीणबाईंनी बहिणीला जवळ बसवून घेतलं आणि आत्याला म्हणाल्या, "आता लाडू तुमी वळायचं. कुऱ्हाड मी घेऊन येते."

रुखवत मांडते मुलीची आई. म्हणजे हा होकार होता, आणि तो आत्याला माझ्याआधी कळला. तिनं पदरानं डोळे पुसले, मग माझ्याकडं वळली.

"त्या लग्नात बी तूच फोन धर. अन् भात वाढायला कुणी बी बोलवू दे, मधी उठू नगंस."